तीन मिनिटांच्या डावात वेळ नेमका कुठे जातो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६, गेली तीन वर्षे लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर मुख्यतः तीन मिनिटांचे, चालीमागे वाढीव सेकंद नसलेले डाव खेळता, ब्लिट्झचे, म्हणजे अशा झटपट डावांचे, रेटिंग (खेळाची ताकद दाखवणारा आकडा) १६५० ते १७३० यांच्यामध्ये अडकून पडले आहे, शैली आक्रमक असल्याचे तुम्ही स्वतःच म्हणता, आणि ती न सोडता १९००च्या पुढे कसे जाता येईल हे तुम्हाला हवे आहे. सोबत पाठवलेले ६० डाव मी दोन रविवार बसून पाहिले. उत्तर तुम्हाला आवडेलच असे नाही, कारण त्याची सुरुवात तुम्ही शैलीला दिलेल्या नावापासूनच होते. या ६० डावांत मला आक्रमक खेळाडू फारसा दिसला नाही. घाईला आलेला खेळाडू दिसला. या दोघांच्या चाली वरवर सारख्या दिसतात, म्हणून गल्लत होते.

असे का म्हणतो ते सांगतो. डाव संपल्यावर लिचेसच्या विश्लेषणाच्या पानावर प्रत्येक चालीला लागलेल्या वेळेचा आलेख मिळतो. बहुतेक जण त्याकडे पाहतही नाहीत; संगणकाने कोणती चाल चुकीची ठरवली एवढेच पाहून पुढचा डाव सुरू करतात. मी उलट केले. तुमचे हरलेले ३१ डाव आधी केवळ वेळेच्या आलेखावरून पाहिले आणि मग पट उघडला. पहिल्या १२ चालींत तुमचे सुमारे ५५ सेकंद जातात, म्हणजे हाती असलेल्या १८० सेकंदांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा, आणि तोही अशा स्थितींवर ज्या तुम्ही शेकडो वेळा पाहिलेल्या आहेत. त्यानंतर घड्याळाकडे लक्ष जाते, मनात धाकधूक सुरू होते, आणि साधारण अठराव्या ते चोविसाव्या चालीदरम्यान, जिथे डावाचे स्वरूप खरोखर बदलत असते, तिथे तुमच्या चाली दोन-दोन सेकंदांत पडू लागतात. बलिदाने, म्हणजे मोहरा मुद्दाम मारू देण्याच्या चाली, याच टप्प्यात येतात. डाव लवकर संपवला नाही तर घड्याळच संपेल, या भीतीतून तुमचा उंट एच७ या घरावर (ए ते एच हे उभे स्तंभ, १ ते ८ या आडव्या रांगा) जाऊन पडतो. याला तुम्ही आक्रमण म्हणता.

त्या ३१ पराभवांपैकी १४ वेळेवर गेलेले आहेत, आणि त्यांपैकी ८ डावांत वेळ संपला त्या क्षणी तुमची स्थिती बरोबरीची किंवा सरस होती. हे ८ डाव वाचले असते तर तुम्ही मला हा प्रश्न कदाचित विचारलाच नसता.

सुरुवातीच्या ५५ सेकंदांचे एक उदाहरण जवळून पाहू. पांढऱ्या मोहऱ्यांनी तुम्ही नेहमी लंडन पद्धत, म्हणजे सुरुवातीच्या चालींची एक प्रचलित मांडणी, खेळता. चांगली निवड आहे. रचना ठरलेली असते, पाठांतर कमी लागते. तुमच्या ६० डावांत ही मालिका पाच वेळा आली: १. डी४ डी५ २. उंट एफ४ सी५ ३. ई३ घोडा सी६ ४. सी३ वजीर बी६ ५. वजीर बी३ सी४. पाचही वेळा या ठिकाणी तुम्ही थांबून विचार केलात, एकदा तर २२ सेकंद. दोनदा वजिरावजिरी केलीत, तीनदा वजीर सी२ वर आणलात. वजीर सी२ वर आला की काळा उंट एफ५ वर टाकतो, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो उंट फुकट दिल्यासारखा वाटतो. तुम्ही एकदा तो घेतलात. त्याबरोबर काळ्याच्या वजिराने बी२चे प्यादे मारले आणि ए१ वरचा हत्ती काही केल्या वाचत नाही. बरोबर उत्तर साधे आहे: वजीर निमूटपणे सी१ वर मागे घ्यायचा. दिसायला ते गरीब दिसते, पण स्थिती खेळण्यासारखी राहते. ज्याला हे ठाऊक आहे त्याला या दोन चालींना तीन सेकंद लागतात. ज्याला ते दर वेळी पटावर नव्याने शोधावे लागते त्याचे वीस सेकंद जातात, आणि शिवाय तो पाचातून एकदा हत्ती गमावतो.

यावर उपाय म्हणून ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचे, जाडजूड पुस्तक किंवा वीस तासांचा व्हिडिओ घेऊ नका. तुमच्याच डावांतून ज्या सहा-सात स्थितींवर तुम्ही वारंवार अडता त्या शोधा, प्रत्येकीत काय खेळायचे हे एकदा शांतपणे ठरवा, आणि ते एका वहीत किंवा लिचेसच्या स्टडीमध्ये (तिथल्या ऑनलाइन वहीत) लिहून ठेवा. ठरवलेली चाल जगातील सर्वोत्तम असण्याची गरज नाही. ती ठरलेली असणे महत्त्वाचे. काळ्या मोहऱ्यांनी तुम्ही सगळ्यांविरुद्ध किंग्ज इंडियनची रचना मांडता, ती तशीच राहू द्या. मी त्यात हात घालणार नाही.

आता एच७ वरच्या बलिदानाकडे येतो, कारण तुमचा जीव तिथे अडकलेला आहे. उंटाने एच७चे प्यादे शह देऊन मारायचे, राजाने उंट घेतला की घोडा जी५ वर शह देऊन आणायचा, राजा जी८ वर परतला की वजीर एच५ वर: हा नमुना प्रत्येक खेळाडूला लहानपणी शिकवतात आणि तो शिकवायलाच हवा. मात्र तो चालण्यासाठी काही अटी लागतात. काळ्याचा घोडा एफ६ वर नसावा. काळ्याचा उंट बी१ ते एच७ या कर्णावर येऊन एच७ला आधार देऊ शकत नसावा. जी५ वर आलेला घोडा सहजासहजी मारला जाऊ नये. आणि राजा जी८ला न जाता जी६ला आला तर पुढे काय, याचे उत्तर तयार असावे. अर्धी बलिदाने या शेवटच्या प्रश्नावर फसतात. तुमच्या ज्या डावात एकविसाव्या चालीला हे बलिदान झाले, त्यात काळ्याचा घोडा सरळसरळ एफ६ वर उभा होता. वजीर एच५ वर जाऊच शकत नव्हता, घोड्याने तो खाल्ला असता. या चालीला तुम्ही ३ सेकंद घेतलेत. घड्याळात १ मिनिट ८ सेकंद शिल्लक होते. त्यातले १५ सेकंद खर्च केले असते, तर "आधी घोडा ई५ वर, मग त्या एफ६च्या घोड्याला हटवण्याची तयारी" हा विचार तुमच्यासारख्या खेळाडूला सुचला असता याबद्दल मला शंका नाही, कारण दुसऱ्या एका डावात तुम्ही नेमके हेच केलेले आहे. त्या डावात घड्याळावर दोन मिनिटे होती.

म्हणून तुम्हाला बलिदाने बंद करा असे मी सांगणार नाही. एवढेच सांगतो की मोहरा देण्याआधी त्या एकाच चालीला दहा ते पंधरा सेकंद द्या, आणि हे सेकंद सुरुवातीच्या १२ चालींतून वाचवा. हिशेब अगदी सरळ आहे. तीन मिनिटांत ४० चाली करायच्या तर चालीमागे साडेचार सेकंद येतात, पण प्रत्येक चालीला साडेचार सेकंद देणे हा सर्वांत वाईट वाटप आहे. मोहऱ्याच्या बदल्यात मोहरा परत घेताना एक सेकंद पुरतो. ओळखीच्या ओपनिंगमध्ये दहा चालींना २० ते २५ सेकंद पुरतात. शांत स्थितीत ए-प्यादे ढकलावे की एच-प्यादे, यावर नऊ सेकंद घालवणे ही उधळपट्टी आहे. दोन्हींपैकी कोणतेही ढकला. असे साठवलेले सेकंद तीन ठिकाणी खर्च करायचे: प्याद्यांची रचना कायमची बदलणार असेल तेव्हा, वजिरावजिरी होणार असेल तेव्हा, आणि मोहरा द्यायचा किंवा घ्यायचा असेल तेव्हा. ब्लिट्झमध्ये शैली म्हणून जे काही असते ते बहुतांशी या वाटपातच असते.

तुम्ही विचारले आहे की दिवसाला पंधरा डाव खेळूनही सुधारणा का होत नाही. ब्लिट्झमध्ये माणूस विचार फार कमी करतो, तो ओळखतो. १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे: काही सेकंद दाखवलेली खऱ्या डावातील स्थिती कसलेला खेळाडू नवख्यापेक्षा कितीतरी अचूक मांडून दाखवतो, पण तेच मोहरे पटावर कसेही विखुरले की त्याची ही आघाडी जवळजवळ नाहीशी होते. म्हणजे त्याची स्मरणशक्ती अचाट नसते. त्याच्याकडे ओळखीच्या नमुन्यांचा साठा असतो. ब्लिट्झ हा साठा वापरायला लावतो, पण त्यात नवी भर घालायला वेळ देत नाही. १९७० साली हर्सेग नोवी येथे झालेल्या पाच मिनिटांच्या स्पर्धेत पुढे विश्वविजेता झालेल्या बॉबी फिशरने २२ पैकी १९ गुण मिळवले आणि दुसऱ्या आलेल्या माजी विश्वविजेत्या मिखाईल तालला साडेचार गुणांनी मागे टाकले, ते पाच मिनिटांचे डाव खेळून खेळून नव्हे; वर्षानुवर्षे केलेला संथ अभ्यास तिथे पाच मिनिटांत बाहेर पडत होता. आपल्या विश्वनाथन आनंदचा वेग चेन्नईच्या ताल चेस क्लबमधील, जिंकेल त्याने पटावर बसून राहायचे अशा ब्लिट्झमधून आला हे खरे आहे, पण हा मुलगा त्याच काळात लांब पल्ल्याच्या स्पर्धाही सतत खेळत होता हे सांगताना लोक विसरतात.

तेव्हा आठवड्यातून किमान एक डाव १५ मिनिटे अधिक १० सेकंद अशा वेळेचा खेळा आणि तो खेळताना दुसरा टॅब उघडा ठेवू नका. कोडी सोडवताना वेगाची स्पर्धा करू नका. रोज दहाच कोडी, पण प्रत्येकीत प्रतिस्पर्ध्याचे सर्वांत चिवट उत्तर सापडेपर्यंत चाल हातावेगळी करायची नाही. तुमच्या कोड्यांच्या नोंदीत मला असे दिसले की पहिली चाल तुम्ही बहुधा बरोबर लावता आणि तिसऱ्या चालीला चुकता. ही अंदाजाने चाल मारण्याची सवय आहे, आणि एच७ वरच्या उंटाचे मूळ तिथेच आहे.

वेळेच्या प्रकाराबद्दल माझे मत ठाम आहे: तीन मिनिटे अधिक शून्य सोडा आणि तीन अधिक दोनवर या. चाळीस चालींच्या डावात त्यामुळे ८० सेकंद अधिक मिळतात. जागतिक ब्लिट्झ अजिंक्यपद स्पर्धाही याच वेळेवर खेळली जाते. लिचेसवर दोन्ही प्रकार ब्लिट्झमध्येच मोडतात, त्यामुळे रेटिंग तेच राहते, नव्याने काही उभे करावे लागत नाही. चालीमागे सेकंद वाढवून देणाऱ्या घड्याळाची कल्पना फिशरचीच. १९८९ साली त्याला तिचे पेटंट मिळाले. आम्ही किल्लीच्या घड्याळावर वाढलो, जिंकलेल्या डावात वेळ संपत आल्याचे दाखवणारा घड्याळाचा झेंडा लटकताना पाहून हात थरथरणे म्हणजे काय हे आमच्या पिढीला कुणी समजावून सांगावे लागत नाही, आणि म्हणूनच हे दोन सेकंद किती मोलाचे आहेत हे मी जरा जास्तच आग्रहाने सांगतो. शून्य वाढीच्या डावात शेवटच्या दहा सेकंदांत जो खेळ चालतो तो माऊसचा असतो. तो कुणाला आवडत असेल तर माझी हरकत नाही, पण त्यातून बुद्धिबळ सुधारत नाही.

अंतिम पर्वाबद्दल, म्हणजे मोजकेच मोहरे उरलेल्या टप्प्याबद्दल, मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण तिथे तुमचे सर्वांत स्वस्तात मिळणारे गुण पडून आहेत. पाठवलेल्या डावांपैकी सात डाव हत्ती आणि प्याद्यांच्या अवस्थेत पोचले आणि त्यांपैकी सहा तुम्ही गमावलेत. एक स्थिती मी मुद्दाम टिपून ठेवली. तुम्ही काळ्या मोहऱ्यांनी खेळत होता: तुमचा राजा ई८, हत्ती बी६, पांढऱ्याचा राजा डी५, हत्ती ए७ आणि एकुलते एक प्यादे ई५. घड्याळात १८ सेकंद. ही फिलिडोरची प्रसिद्ध बचावाची स्थिती आहे, अठराव्या शतकापासून माहीत असलेली. हत्ती सहाव्या रांगेवर उभा आहे तोवर पांढऱ्याचा राजा त्या रांगेत शिरू शकत नाही, म्हणून पांढऱ्याला कधीतरी प्यादेच ई६ला ढकलावे लागते. ज्या क्षणी प्यादे ई६ वर येते त्याच क्षणी राजाचा लपायचा आडोसा नाहीसा होतो, आणि काळ्याने हत्ती तडक बी१ वर उतरवायचा. राजा डी६ वर आला की डी१ वरून शह, ई५ वर परतला की ई१ वरून शह, आणि असे मागून शह देत बरोबरी. तुम्ही प्यादे ई६ वर आल्यावर हत्ती बी८ वर नेलात, शेवटच्या रांगेवर मात होऊ नये म्हणून पहारा द्यायला. राजा आरामात डी६ वर येऊन बसला आणि थोड्याच चालींत डाव गेला. भीती समजण्यासारखी आहे. पण १८ सेकंदांत भीतीला उत्तर शोधता येत नाही, ते आधीपासून हातात असावे लागते.

हत्तीच्या अंतिम पर्वात फिलिडोरचा बचाव आणि लुसेनाचा पूल (जादा प्यादे वजीर करून जिंकण्याची पद्धत), राजा-प्यादे अवस्थेत समोरासमोरच्या राजांची विरोधस्थिती (ज्याची चाल असेल त्या राजाला वाट सोडावी लागते ती), आणि नुसत्या राजाविरुद्ध वजिराने व हत्तीने मात: एवढे पाच विषय पुरेत. शेवटचे दोन ऐकून हसू नका. तुमच्या एका डावात वजीर जादा असताना तुम्ही प्री-मूव्हच्या (समोरच्याची चाल होण्याआधीच आपली चाल लावून ठेवण्याच्या) भरात समोरच्याच्या राजाला हलायला एकही घर ठेवले नाही आणि कोंडी होऊन डाव बरोबरीत सुटला. संगणकासमोर ही मात २० सेकंदांत सलग दहा वेळा करता आली पाहिजे, तेही प्री-मूव्ह न वापरता. जाता जाता एक उपयोगाची गोष्ट: प्रतिस्पर्ध्याकडे नुसता राजा उरला असेल तर तुमचा वेळ संपला तरी तुम्ही हरत नाही, बरोबरी मिळते. म्हणून डाव अगदीच हातातून निसटत असेल आणि घड्याळही संपत आले असेल, तर समोरच्याचे उरलेले शेवटचे प्यादे मारणे हे कधी कधी मात शोधण्यापेक्षा शहाणपणाचे असते.

प्री-मूव्हबद्दल एवढेच: समोरच्याची एकच चाल शक्य असेल, किंवा त्याने काहीही केले तरी तुमची चाल टिकणार असेल, तरच वापरा. "तो घेईल, मी परत घेईन" या हिशेबाने आधीच लावलेल्या चालीवर तुम्ही दोन वजीर दिलेले आहेत. मराठीत अशा चुकीला घोडचूक म्हणतात. तुमच्या बाबतीत दोन्ही वेळा समोरून मधली चाल करणारा मोहरा घोडाच होता, हा योगायोग.

डावांचे परीक्षण कसे करावे हेही तुम्ही विचारले आहे. संगणक लगेच सुरू करू नका. हरलेला डाव आधी स्वतः पाहा, डाव कुठे फिरला असे वाटते ती एक चाल लिहा, त्या चालीला किती सेकंद घेतले ते शेजारी लिहा, आणि मग संगणकाला विचारा. दिवसाला असे दोनच डाव. आठ-दहा दिवसांत त्या सेकंदांच्या रकान्यात काहीतरी ओळखीचे दिसू लागेल. संगणकाने दाखवलेल्या पाच चालींच्या खोल सुधारणेकडे दुर्लक्ष करा. ती १७०० रेटिंगच्या ब्लिट्झमध्ये तुम्हालाही सापडणार नाही आणि समोरच्यालाही नाही. एका चालीत सुटलेले मोहरे पाहा.

एक गोष्ट बुद्धिबळाची नाही पण सांगितली पाहिजे. तुमच्या डावांच्या वेळा पाहिल्या तर रात्री साडेअकरानंतरचे निकाल फार वाईट आहेत, आणि पराभवानंतर अर्ध्या मिनिटाच्या आत सुरू केलेले डाव त्याहून वाईट. माणूस इरेला पेटला की गेलेले दहा गुण परत मिळवायला बसतो आणि साठ घालवून उठतो. सलग दोन हरलात की त्या दिवशीचे ब्लिट्झ बंद. हा नियम मी माझ्या विद्यार्थ्यांना लावतो आणि स्वतः मात पाळत नाही, हे प्रामाणिकपणे कबूल करतो.

रेटिंगकडे पहिले सहा आठवडे पाहू नका, कारण वेळेचा प्रकार आणि सवय दोन्ही एकदम बदलल्यामुळे ते आधी खाली येण्याचीच शक्यता जास्त आहे, कदाचित १६००च्याही खाली. त्या काळात एकच आकडा नोंदवा: बाराव्या चालीनंतर घड्याळात किती वेळ उरला. तो सातत्याने अडीच मिनिटांच्या वर राहू लागला की मला पुन्हा डाव पाठवा. या वेळी वीसच पुरेत, आणि सगळे हरलेले.